प्रस्तावना : पहिल्या होलचा नियम

आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड केलेल्या कुणालाही डिव्हायडिंग हेड आठवत असेल. मिलिंग मशीनच्या टेबलावर बसवलेले, जड आणि तेलकट. आत वर्म आणि वर्मव्हील, प्रमाण ४० ला १. हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक फेरा पूर्ण होतो. बोल्टचे षट्कोनी डोके करायचे असेल तर ४० ला ६ ने भागायचे. उत्तर येते सहा पूर्ण फेरे आणि वर दोन तृतीयांश. ते दोन तृतीयांश मोजायला इंडेक्स प्लेटवरचे १८ होलचे वर्तुळ निवडायचे आणि १२ होल पुढे जायचे. आठ बाजू हव्या असतील तर प्लेटकडे पाहायचीही गरज नाही, नुसते पाच फेरे.

यात दुसरी बाजू जॉबवर पट्टी लावून पहिलीवरून मोजलेली नाही, तिसरी दुसरीवरून नाही. तसे मोजत गेलो तर दर वेळची थोडी थोडी चूक साठत जाते आणि सहावी बाजू पहिलीला नीट भेटत नाही. डिव्हायडिंग हेडवर प्रत्येक बाजूची जागा एकाच हिशोबातून येते. बाजू किती, हा आकडा बदलला की हिशोब बदलतो आणि सगळ्या बाजू आपापल्या नव्या जागी जातात.

या पुस्तकाचा विषय हाच आहे. कॅडमध्ये काम करताना एखादा आकार अनेकदा लागतो तेव्हा तो कसा उमटवायचा, एकत्र राहणारी फीचर्स एका ग्रुपमध्ये कशी बांधायची, आणि सहा महिन्यांनी कस्टमरचा बदल आला की ते सगळे न मोडता कसे बदलायचे. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या शॉपमधून आलेले, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षातले, टूलरूममध्ये वीस वर्षे काढून आता ड्रॉइंग बोर्डावरून पडद्याकडे वळलेले, असे सगळे वाचक माझ्या डोळ्यासमोर आहेत. तुम्हाला वाटते त्यापेक्षा यातले बरेच तुम्हाला आधीच येते.

शब्दांबद्दल थोडे. पॅटर्नला मी पॅटर्नच म्हटले आहे. ‘आकृतिबंध’ हा चांगला शब्द आहे, पण तो आपल्याकडे खात्यातल्या मंजूर पदांसाठी रुळला आहे. टूलरूममध्ये ‘आकृतिबंध टाक’ असे कुणी म्हणणार नाही, ‘पॅटर्न मार’ असेच म्हणेल. ग्रुप, फीचर, स्केच, फिलेट, ड्राफ्ट हेही तसेच ठेवले. ज्यावरून बाकीचे सगळे तयार होतात त्या पहिल्या घटकाला क्रिओ या सॉफ्टवेअरमध्ये लीडर म्हणतात, सॉलिडवर्क्समध्ये सीड. मी ‘पहिला’ म्हणतो, कारण शॉपमध्ये ‘पहिला बघ, बाकीचे तसेच’ असेच सांगतात.

पहिला बदलला की बाकीचे बदलतात, ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा स्पष्टपणे आली ती १९६३ मध्ये. आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीतल्या प्रबंधासाठी टीएक्स-२ या संगणकावर ‘स्केचपॅड’ तयार केले. पडद्यावर लाइट पेनने रेघ ओढायची. त्यात एक मूळ आकृती असे आणि तिची हवी तितकी रूपे मांडता येत. मूळ बदलले की सगळी रूपे बदलत. त्यांनी दिलेले उदाहरण मला फार आवडते. एका षट्कोनाभोवती सहा षट्कोन जोडले, म्हणजे सात झाले. आता या सातांचा एक घटक समजून तोच पुन्हा जोडत गेले, की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पसरते. मग मूळ आकृतीत सरळ रेघांच्या जागी कमान काढली आणि सगळी जाळी माशाच्या खवल्यांसारखी झाली. आज आपण ज्याला ग्रुप करून पॅटर्न करणे म्हणतो, ते सगळे त्या एका प्रात्यक्षिकात आहे. घन आकारांच्या मॉडेलिंगमध्ये फीचर आणि त्यांची परिमाणे एकमेकांना बांधून ठेवण्याची पद्धत रूढ झाली ती पुढे २५ वर्षांनी, १९८८ च्या सुमारास, सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या पीटीसी कंपनीच्या प्रो-इंजिनिअरमुळे. त्याचेच आजचे नाव क्रिओ. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स आले आणि हे काम साध्या पीसीवर आले. पीटीसीचे आणि सॉलिडवर्क्स ज्यांच्याकडे आहे त्या दासो सिस्टेम्सचेही विकासकेंद्र आज पुण्यात आहे. म्हणजे ज्या बटनावर अंबडचा डिझायनर क्लिक करतो, त्यामागे काम करणारा माणूस कदाचित कोथरूडला राहत असेल.

पण ग्रुप म्हणजे काय हे समजून घ्यायला पडद्यासमोरच बसले पाहिजे असे नाही. नाशिकहून सिन्नरला जा आणि गोंदेश्वराच्या आवारात सकाळच्या उन्हात उभे राहा. यादवकाळातले हे शैव पंचायतन. मधे महादेवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार छोटी. मुख्य मंदिराचे शिखर भूमिज शैलीचे आहे. शिखराच्या चारही बाजूंना मधोमध एक एक उभा पट्टा खालपासून वरपर्यंत जातो, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या भागात छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक रचलेल्या आहेत. जवळ जाऊन त्यातले एकच पाहा. खाली एक आखूड स्तंभ, त्यावर एक इवलेसे शिखर. स्तंभ आणि शिखर नेहमी जोडीने येतात, स्तंभ सोडून शिखर कुठेच नाही. हा झाला ग्रुप. ती जोडी आडव्या ओळीत पुन्हा पुन्हा येते, मग वरच्या ओळीत पुन्हा, पण आता लहान होऊन. त्यावर आणखी लहान. प्रत्येक ओळीत आकार घटतो, तरी खालपासून वरपर्यंतचे उभे स्तंभ एका रेषेत राहतात. त्या कारागिरांनी प्रत्येक छोटे शिखर वेगळे ठरवले असते तर ही रेषा कधीच जमली नसती. नियम एकच होता आणि तो शिखराच्या बाह्यरेषेला बांधलेला होता. फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये मल्टिट्रान्सफॉर्म नावाचे साधन आहे. त्यात ओळ, वर्तुळ, आरसा आणि आकार कमी-जास्त करणे हे सगळे एकाच फीचरमध्ये एकापुढे एक लावता येते. ते पहिल्यांदा वापरले तेव्हा मला गोंदेश्वरच आठवला.

आता रोजच्या वस्तूकडे या. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे गेलात, किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची आवक चालू असताना, तर जिकडे तिकडे प्लास्टिकचे क्रेट दिसतात. हवा खेळावी म्हणून त्यांच्या भिंतींना उभट फटी असतात. समजा क्रेटच्या लांब बाजूवर फटींच्या पाच ओळी आहेत आणि चौदा रकाने, म्हणजे ७० फटी. एक फट म्हणजे एक फीचर असे वाटते, पण मॉडेलमध्ये ती चार फीचर्सची बनते: आधी स्केच, मग कट, मग मोल्डमधून सुटण्यासाठी फटीच्या कडांना ड्राफ्ट, आणि शेवटी आतल्या कडेला फिलेट, म्हणजे द्राक्षाचा मणी कडेला घासून फुटू नये. हाताने काढली तर २८० फीचर्स. मॉडेलमधल्या फीचर्सचा ट्री उघडला की माऊसचे चाक फिरवून फिरवून बोट दुखते आणि कुठली फट कुठली हे कळत नाही.

म्हणून चारही फीचर्सचा ग्रुप करायचा आणि ग्रुपचा पॅटर्न. इथे नवशिक्याला पहिली अडचण येते. क्रिओत ग्रुप करायची फीचर्स ट्रीमध्ये लागोपाठ असावी लागतात. मध्ये दुसरेच काही घुसले असेल, समजा क्रेटच्या वरच्या कडेची रिब, तर तीही ग्रुपमध्ये घेऊ का, असे सॉफ्टवेअर विचारते. घाईत ‘हो’ म्हटले की ती रिबही ७० वेळा उमटू लागते, नाही तर पॅटर्न फेल होतो. सॉलिडवर्क्समधला फोल्डर हा मुख्यतः ट्री आवरण्यासाठी असतो, तिथे पॅटर्नसाठी लागणारी फीचर्स निवडून घेता येतात. प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत वेगळी, पण आधी विचार करण्याची गोष्ट एकच: यातले काय काय नेहमी एकत्र येते, आणि कोणत्या क्रमाने.

दुसरी अडचण जास्त खोल आहे आणि मी तिच्यावर एक पूर्ण प्रकरण खर्च केले आहे. क्रेटची भिंत उभी नसते. रिकामे क्रेट एकात एक बसावेत आणि मोल्डमधून सुटावेत म्हणून ती वर जाताना थोडी बाहेर झुकते. पहिली फट तळाशी काढली, कटची खोली भिंतीच्या जाडीइतकी, समजा ३ मिमी, दिली आणि पॅटर्नची दिशा म्हणून सरळ उभा अक्ष निवडला. काय होईल? फटी सरळ वर चढतील आणि भिंत मात्र बाहेर जात राहील. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत ठीक दिसेल. वरच्या ओळींत कट भिंतीला पूर्ण भेदणारच नाही, नुसती एक खाच राहील. दिशा भिंतीच्याच झुकलेल्या कडेवरून घेतली असती तर प्रत्येक फट भिंतीबरोबर सरकली असती. पॅटर्नला कोणती कड दाखवायची, हा निर्णय त्यातल्या संख्येपेक्षा आणि अंतरापेक्षा महत्त्वाचा असतो. उद्या कस्टमरने भिंतीचा झुकाव अर्ध्या अंशाने वाढवला, तर झुकलेल्या कडेला बांधलेला पॅटर्न आपोआप जागेवर जाईल.

आणि हँडल? क्रेट उचलण्यासाठी वरच्या दोन ओळींतले मधले सहा रकाने मोकळे हवेत. त्यासाठी ७० फटी करून १२ बुजवायच्या नसतात. पॅटर्नमध्येच त्या १२ जागांवर क्लिक करून ‘इथे नको’ असे सांगता येते. ५८ उरतात, आणि का ५८ हे मॉडेल उघडणाऱ्या पुढच्या माणसाला लगेच दिसते.

हे सगळे मी इतक्या आग्रहाने का लिहितो, ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत अंबडच्या एका छोट्या टूलरूममध्ये मी एक कव्हर प्लेट केली होती. कडेने २४ होल, एम-६ बोल्टसाठी, ६.६ मिमीचे. मी पॅटर्न केला नव्हता, कॉपी-पेस्ट करत गेलो होतो, आणि एक होल आतल्या रिबला लागत होते म्हणून दोन मिलिमीटर सरकवून वेगळे काढले होते. दोन महिन्यांनी कस्टमरने बोल्ट एम-८ केले. होल ९ मिमीचे करायचे होते. मी एकेक होल बदलत गेलो आणि ते सरकवलेले एक राहून गेले. ड्रॉइंगवरची टीप मी हाताने लिहिली होती, ‘२४ होल, व्यास ९’, त्यामुळे कागदावर सगळे बरोबर दिसत होते. व्हीएमसीचा प्रोग्राम मात्र मॉडेलवरून निघाला. असेंब्लीवर फिटर काकांनी मला बोलावले आणि म्हणाले, “साहेब, तेवीस बसले. हा एक घेत नाहीये.” त्यांच्या हातात एम-८ चा बोल्ट होता आणि प्लेट पावडर कोटिंग होऊन आलेली होती. ड्रिल मारला तर कोटिंग जाणार. प्लेट परत गेली, माणसे दोन दिवस थांबली. त्या दिवशी मी काकांशेजारी बराच वेळ उभा होतो. टीप २४ म्हणत होती आणि मॉडेल २३ अधिक १ म्हणत होते, ही विसंगती मीच तयार केली होती.

आज मी ते असे करेन. पॅटर्न २४ चाच, पण त्या एका जागेसाठी वेगळे अंतर. क्रिओत टेबल पॅटर्न घेतला की प्रत्येक घटकाची जागा तक्त्यात देता येते; सॉलिडवर्क्समध्ये एखाद्याच घटकाचे परिमाण वेगळे ठेवण्याची सोय आहे. व्यास मात्र एकाच ठिकाणी, पहिल्या होलवर. जागा वेगळी असू शकते, व्यासाचे कारण एकच आहे. काय वेगळे आणि काय समान, हे मॉडेलमध्ये वेगवेगळे लिहिलेले असले पाहिजे.

याच विचाराची सगळ्यात सुंदर परीक्षा आपल्या नाशिकमध्येच होते. मायको सर्कल हे नाव ज्या कारखान्यामुळे पडले तिथे, आजच्या बॉशमध्ये, डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल बनत आले आहेत. नोझलच्या टोकाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या पल्ल्यातली बारीक होल असतात. त्यांतून डिझेल फवारले जाते. सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असतील तर इंजेक्टर मधोमध सरळ उभा राहू शकतो. मग होल सारख्या कोनावर, साधा वर्तुळाकार पॅटर्न. पण दोन व्हॉल्व्हच्या इंजिनात इंजेक्टर बाजूला आणि तिरका बसवावा लागतो. फवारे मात्र ज्वलनकक्षात नीट पसरले पाहिजेत. म्हणून प्रत्येक होलचा कल वेगळा होतो. दिसायला इथे पुनरावृत्ती उरतच नाही. तरीही ही सगळी होल एकाच व्यासाची, एकाच मध्यबिंदूकडे जाणारी, आणि एकच ध्येय असलेली आहेत. अशा ठिकाणी पॅटर्न सोडून एकेक होल वेगळे काढावे असा मोह होतो. तो आवरा. कोन तक्त्यात द्या आणि बाकी सगळे एकत्र राहू द्या.

इथे सॉफ्टवेअरच्या एका सोयीबद्दल सावध करतो. पॅटर्नमधला प्रत्येक घटक दोन रीतींनी तयार होऊ शकतो. एक, पहिल्याचा तयार आकार उचलून तसाच पुढे ठेवायचा. दोन, प्रत्येक जागी पुन्हा विचार करायचा: इथे भिंत किती जाड, कट कुठपर्यंत. पहिली रीत वेगवान; सॉलिडवर्क्समध्ये तिला जिऑमेट्री पॅटर्न म्हणतात, क्रिओत याच अर्थाने आयडेंटिकल, व्हेरिएबल आणि जनरल असे पर्याय आहेत. पॅनेलच्या पत्र्यावर शेकडो होल असतील आणि पत्रा सपाट असेल तर पहिली रीत बिनधास्त वापरा. पण कट ‘पुढच्या पृष्ठभागापर्यंत’ असा दिलेला असेल आणि पृष्ठभाग जागोजागी बदलत असेल, तर पहिली रीत चुकीचा आकार तयार करेल, आणि तक्रारही करणार नाही. मॉडेल हिरवे दिसेल. म्हणून सेक्शन घेऊन पहिला, मधला आणि शेवटचा घटक डोळ्यांनी पाहायचा. ही सवय मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात लावतो.

ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-२१ साठी उभा राहिला. विमानाच्या पत्र्यावरची रिव्हेटची रांग पाहिली असेल तर वक्रावरचा पॅटर्न म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. विमानात रिव्हेट हजारोंनी असतात. ते सगळे पूर्ण आकाराने काढले तर मॉडेल उघडायलाच चहा पिऊन यावे लागेल. म्हणून अशा ठिकाणी अनेकदा नुसते बिंदू आणि दिशा ठेवतात. दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधी पडतात आणि रेघा मागाहून येतात, तसेच. कधी पूर्ण आकार द्यायचा आणि कधी ठिपक्यावर थांबायचे, हे ठरवणे हा कौशल्याचा मोठा भाग आहे, आणि त्याबद्दल पुस्तकातली माझी मते ठाम आहेत. तुम्हाला ती पटलीच पाहिजेत असे नाही.

असेंब्लीबद्दलचे प्रकरण वाचायला घाई करू नका, पण ते चुकवूही नका. फ्लँजवर १२० मिमी पीसीडीवर सहा होल आहेत. पहिल्या होलमध्ये एक बोल्ट बसवला आणि ‘होलच्या पॅटर्नप्रमाणे कर’ असे सांगितले की सहा बोल्ट बसतात. होल आठ केले की बोल्ट आठ होतात आणि बीओएममध्येही आठ येतात. पण होलचा पॅटर्न करताना कुणी ‘पूर्ण वर्तुळात समान’ असे न सांगता कोन ६० अंश असा आकडा लिहिला असेल, तर आठ केल्यावर सातवे होल पहिल्यावर आणि आठवे दुसऱ्यावर जाऊन बसते. पडद्यावर सहाच दिसतात. बीओएम आठ बोल्ट मागते. स्टोअरवाला आठ देतो. दोन बोल्ट उरले की फिटर विचारतो, आणि तेव्हा कुणाला तरी मॉडेल उघडून बघावे लागते. डिव्हायडिंग हेडवर सहा फेरे आणि १२ होल हा हिशोब पाठ करून आठ बाजू करायला गेल्यासारखे ते आहे.

हे पुस्तक क्रिओ, सॉलिडवर्क्स आणि फ्रीकॅड या तिन्हींवर लिहिले आहे. ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याने फ्रीकॅड घ्यावे; ते मोफत आहे. आधीचे एक फीचर बदलले की त्याच्या आधाराने उभी असलेली सगळी फीचर्स कोसळायची, ही त्याची जुनी दुखरी बाजू २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० आवृत्तीत बरीच कमी झाली आहे. व्हीएमसी चालवणाऱ्यांसाठी एक वेगळे छोटे प्रकरण आहे, कारण ते हे काम कंट्रोलवर आधीपासून करतात. सीमेन्सच्या कंट्रोलवर ओळीतल्या होलसाठी होल्स-१ आणि वर्तुळातल्या होलसाठी होल्स-२ अशी सायकल असते. मॉडेलमधला पॅटर्न आणि मशीनवरची सायकल एकमेकांना ओळखतील असे काम कसे करायचे, ते त्यात आहे.

पहिल्या प्रकरणाला संगणक लागत नाही. घरात किंवा शेजारच्या भाजीवाल्याकडे प्लास्टिकचा एक क्रेट मिळेल. एक स्टीलची पट्टी, शक्य असेल तर व्हर्नियर, आणि एक वही. लांब बाजूवरच्या फटी मोजा. दोन फटींमधले अंतर तळाशी घ्या आणि तेच वरच्या कडेला घ्या. हँडलपाशी किती जागा सोडल्या आहेत ते लिहा. कोपऱ्याजवळची शेवटची फट बाकीच्यांसारखीच आहे का, की कोपरा मजबूत राहावा म्हणून ती गाळली आहे, हे बोट लावून पाहा. मग तो क्रेट करणाऱ्याने पहिली फट कुठे काढली असेल, याचा अंदाज वहीत लिहा. आपण तिथूनच सुरुवात करू.